खाऱ्या पाण्याची साक्ष

डॉक्टर हनोख आवरेकर मला आवडत नसत, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुठे माझ्या तोंडून त्यांचं कौतुक निघालंच, तर ते खरं आहे असं समजा. पनवेलच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते, आणि ते तिथले मोठे डॉक्टर. जिवंत माणसांना तपासायचं काम ते उरकून टाकत. जीव रमायचा तो मागच्या चिरफाडीच्या खोलीत. तालुक्यात कुठे खून झाला, कुणी विहिरीत सापडलं, कुणी विष घेतलं, की प्रेत बैलगाडीतून आमच्याकडे यायचं आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावर तरतरी यायची. बाह्या वर करत म्हणायचे, "चला बाई, पाहुणे आले."

उंच, हाडकुळा माणूस. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. डोळे बारीक आणि समोरच्यावर रोखलेले. कुणी खाली मान घालून बोललं की त्यांचं डोकं फिरायचं. "माझ्याकडे बघून बोला," हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकायचो त्याला गणती नाही. फौजदारापासून बाळंतिणीपर्यंत सगळ्यांना तेच. एकदा एक नवा शिपाई प्रेताची कवटी उघडताना बघून भोवळ येऊन पडला. डॉक्टरांनी करवत खाली ठेवलीसुद्धा नाही. म्हणाले, "याला बाहेर ओढा. दोघांची चिरफाड करायला मला आज वेळ नाही."

हे ऐकून हसायला येतं. मलाही यायचं. पण वडाळे तळ्यात बुडालेल्या एका पोरीचा बाप त्यांच्यापुढे उभा होता तेव्हा मला हसू आलं नव्हतं. गरीब बिचारा, धोतराचा सोगा हातात चुरगाळत विचारत होता, "डॉक्टर, तिला फार तरास नाही ना झाला?" अहो, अशा वेळी कुणीही काय म्हणेल? डॉक्टर म्हणाले, "झाला. शेवटपर्यंत धडपडली. नखांत चिखल आहे." तो बाप तिथेच मटकन बसला. मी नंतर डॉक्टरांना फाडफाड बोलले. त्यांनी हात धुता धुता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याने विचारलं, मी सांगितलं. खोटं ऐकायचं होतं तर भटजीकडे जायचं."

खरं तेवढंच बोलायचं, आणि बोललेला शब्द गिळायचा नाही. हा त्यांचा धर्म. दुसरा जो जन्माने मिळालेला धर्म होता, त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. ते बेने इस्रायली, म्हणजे आमच्या कोकणातले ज्यू; इस्रायल आळीत राहायचे. आळीतली माणसं शनिवार पाळत, हे शनिवारीसुद्धा सुरी चालवत. कुणी चिडवायला 'शनवार तेली' म्हटलं तर सांगत, "आजोबा घाण्यावर तीळ पिळायचे, मी फौजदार पिळतो." एक रीत मात्र आई गेल्यावरही त्यांनी सोडली नव्हती. रविवारी त्यांच्या धर्माप्रमाणे कापलेलं मटण यायचं. ते आधी पाण्यात भिजवायचं, मग सगळीकडून मीठ चोळून उतरत्या फळीवर ठेवायचं, रक्त निथळून जाईपर्यंत. रक्त पोटात जाता कामा नये. हे काम ते स्वतः करायचे, आणि चिरफाडीच्या टेबलापाशी जेवढं लक्ष, तेवढंच तिथे. मी शेजारच्याच आळीत राहायची, कित्येकदा पाहिलंय. एकदा मी म्हटलं, "देवावर विश्वास नाही आणि हे सोवळं कशाला?" म्हणाले, "देवाचं माहीत नाही. मीठ काय करतं ते माहीत आहे."

त्यांना नीट माहीत होतं, हेच तर माझं दुखणं आहे.

आमच्या दवाखान्यात विषबाधेचा संशय आला की पोटातले अवयव बरणीत घालून मुंबईला सरकारी केमिकल अ‍ॅनालायझरकडे पाठवायचे. वाटेत कुजू नयेत म्हणून बरणीत मिठाचं पाणी. मीठ विरघळेनासं होईपर्यंत टाकायचं, मग बूच, मग लाख, मग शिक्का. ते पाणी करायचं काम माझं. अशाच एका बरणीने उलव्याकडची एक सून वाचवली. नवरा एका रात्रीत उलट्या होऊन गेला, आणि सासूने छाती पिटून सांगितलं, हिने भाकरीत सोमल घातला. सगळा गाव तिच्या जिवावर उठला होता. डॉक्टरांनी बरणी पाठवली. मुंबईहून उत्तर आलं, विष नाही. कोर्टात डॉक्टर म्हणाले, "याला बायकोने नाही मारलं. गावच्या विहिरीने मारलं. कॉलरा आहे, अजून चार जातील." आणि गेलेही. सुटल्यावर ती सून दवाखान्यात येऊन त्यांच्या पायावर पडली. त्यांनी पाय मागे घेतले. "माझ्या पाया पडू नकोस. सोमल सापडला असता तर मीच तुला फासावर दिली असती."

अशा माणसाला काय म्हणायचं? मला वाटायचं, तोंडाने जहर आहे, पण तराजू सरळ आहे.

संध्याकाळी रोगी संपले की डॉक्टर व्हरांड्यात चहा घेत आणि आम्हाला या शास्त्राच्या गोष्टी सांगत. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं ऑफिस लंडनला नाही, कलकत्त्याला निघालं, हे सांगताना त्यांना कोण अभिमान. पण त्यांची खरी लाडकी गोष्ट एका इंग्रज रसायनवाल्याची. एका म्हाताऱ्याला कॉफीतून सोमल दिला, असा त्याच्या नातवावर खटला होता. या रसायनवाल्याने सोमल शोधून काढला, नमुना बाटलीत ठेवला. पण खटला उभा राहीपर्यंत नमुना बिघडला. पंचांना त्यात काही दिसेना. नातू सुटला, आणि पुढे त्याने आपणच विष घातल्याचं कबूल केलं. "तो रसायनवाला चिडला," डॉक्टर सांगत, "पण घरात तोंड लपवून बसला नाही. माझी परीक्षा कच्ची होती, असं म्हणाला आणि पक्की परीक्षा शोधून काढली. सगळं जग ती वापरतं. चूक झाली तर अशी उघड्यावर आणावी, बाई. हे शास्त्र असल्या माणसांनी उभं केलंय."

ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की कप खाली ठेवायच्या आधी शेवट सांगू शकले असते.

मग ते मिठागराचं प्रकरण आलं. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. उरणच्या वाटेवरच्या एका मिठागरावर एक मुकादम होता. दारूबंदी होती, म्हणजे दारू हवी तेवढी मिळायची, आणि हा बाबा पिऊन कुठेही पडायचा. बुधवारपासून तो दिसला नाही तरी कुणी शोधलं नाही. सोमवारी एका कोंडीत, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यात, त्याचं प्रेत सापडलं. भांडणतंट्यामुळे त्या कोंडीचं काम बंद होतं, पाणी आटून आटून मीठ धरायला लागलं होतं. त्या पाण्याखाली, बांधाच्या कडेला, चिखलात दाबून ठेवलेलं. डोक्यात घाव.

पदू नावाचा एक आगरी गडी होता. त्याचं आणि मुकादमाचं वाजलेलं होतं, आणि "तुला या मिठातच गाडीन" असं तो चारचौघांत म्हणाला होता. त्या बुधवारच्या आधीच रागावून मुंबईला गोदीत कामाला गेला होता, तो शनिवारी मोरा बंदरावर लाँचने परत आला. म्हणजे प्रश्न एवढाच, मुकादम शनिवारच्या आधी मेला की नंतर. आधी मेला असेल, तर पदू मुंबईत, गोदीतली माणसं साक्षीला. नंतर मेला असेल, तर पदू गावात. त्याचा जीव या एवढ्याशा गोष्टीवर लटकला होता, आणि ती सांगणार कोण, तर आमचे डॉक्टर.

प्रेत मी पाहिलं होतं. वैशाखाचं ऊन, पण फुगलेलं नाही, पोट हिरवं पडलेलं नाही, वाससुद्धा नावाला. डॉक्टरांनी एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ताजा आहे. फार तर दीड दिवस." तसंच लिहून दिलं.

पनवेलच्या कोर्टात मी गेले होते. पदूच्या बाजूने टिपणीस वकील होते, भिडस्त माणूस, स्वतःच्या आवाजाला घाबरणारा. त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, प्रेत खाऱ्या पाण्यात होतं. त्यामुळे कुजायला वेळ लागला असेल, असं नाही का होऊ शकत?"

डॉक्टर पिंजऱ्यातून त्यांच्याकडे बघत राहिले. "वकीलसाहेब, माझ्याकडे बघून विचारा. इथून मोऱ्यापर्यंत समुद्रात बुडालेली जितकी प्रेतं मी फाडली, तितके अशील तुम्ही अजून पाहिले नसतील. खारं पाणी कुणाची वाट बघत नाही."

कोर्ट हसलं. टिपणीस खाली बसले. समुद्राचं पाणी आणि मिठागरात आटलेलं पाणी यांत किती अंतर आहे, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्या हशानंतर त्यांनी तोंड उघडलं नसतं.

बाहेर व्हरांड्यात पदूला बेड्या घालून बसवलं होतं. शेजारी त्याची बायको चांगुणा, काळीसावळी, ठेंगणी, एक शब्द न बोलणारी. डॉक्टर जायला लागले तसा पदू उठला. "सायेब, मी मुंबैला होतो तवाच तो मेला आसंल. तुमी परत बगा ना. आमी गरीब मानसं हाव."

"मेलेला माणूस खोटं बोलत नाही, पदू," डॉक्टर म्हणाले. "तू बोलतोस."

अलिबागला सेशन झालं, फाशीची शिक्षा झाली. हायकोर्टाने कायम केली. उरला दयेचा अर्ज.

त्याच सुमारास एका विषबाधेची बरणी पाठवायची होती. मी नेहमीसारखी मिठाचं पाणी करत होते. डॉक्टर शेजारी उभे होते, हातात लाखेची कांडी. मी मीठ टाकतेय, ढवळतेय. ते खाली बसायला लागलं तशी थांबले. वर पाहिलं तर डॉक्टरांचा हात तसाच हवेत.

"बाई," ते म्हणाले, "हे मीठ कुठलं?"

"कुठलं म्हणजे? उरणच्या मिठागरातलं. दुसरं कुठलं मिळतं इथे?"

त्यांनी हात खाली घेतला. बरणीला लाख लावली आणि निघून गेले. मला तोवर काहीच उमगलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माणूस पाठवून तीन कॅन पाणी मागवलं, एक तळ्याचं, एक मोऱ्याच्या समुद्राचं, एक त्या मिठागरातलं. तीन बरण्यांत सारखे मटणाचे तुकडे घातले आणि चिरफाडीच्या खोलीत खिडकीपाशी ठेवले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: इतक्या मिठात मांस कुजत नाही, मग प्रेत तरी कसं कुजेल?

लवकरच तळ्याची बरणी अशी घाण मारायला लागली की रोगी नाकाला पदर लावून बसायचे. मग समुद्राची. मिठागराची बरणी मात्र जशी ठेवली तशी. आठवडा उलटला तरी तुकडा गुलाबी. डॉक्टर रोज सकाळी येत, झाकण उघडत, वास घेत आणि झाकण लावत. एका सकाळी म्हणाले, "तिन्ही फेकून द्या."

"आणि पदू?" मी विचारलं.

"काय पदू?"

"तो बुधवारीच मेला होता ना, मुकादम? मग तुम्ही लिहा. अजून अर्ज वर गेलेला नाही. लिहा की चूक झाली."

आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याकडे न बघता बोलले. "मी एकदा शब्द फिरवला, की उद्या प्रत्येक खटल्यात वकील उठून विचारेल, तेव्हा चुकलात, आज कशावरून नाही? पन्नास खुनी सुटतील. आजवर दिलेल्या साक्षींचं काय होईल?"

"तो तुमचा इंग्रज काय म्हणाला होता मग? रोज सांगता ना आम्हाला, चूक उघड्यावर आणावी?"

डॉक्टरांनी मिठागराच्या बरणीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "त्याच्या चुकीने माणूस सुटला होता, बाई."

मी त्या दिवशी संध्याकाळी तडक टिपणीस वकिलांकडे गेले. घाबरट म्हणतात त्यांना, पण त्या माणसाने ऐकून घेतलं, चांगुणाला बोलावलं, तिच्या अंगठ्याचा ठसा घेऊन नवा अर्ज केला आणि माझा जबाब जोडला. वरून डॉक्टरांकडे विचारणा आली. त्यांनी उत्तर पाठवलं, अभिप्राय कायम आहे, आणि दवाखान्यातल्या नर्सला मटण आणि माणूस यांतला फरक कळत नाही. हे वाक्य त्यांनी मला स्वतः वाचून दाखवलं. माझ्याकडे बघून.

पदूला पुण्याच्या तुरुंगात फाशी दिली. माझी बदली महाडला झाली. मुकादमाला खरं कुणी मारलं ते कधीच कळलं नाही, कुणी शोधलंच नाही. खुनी तर सापडला होता ना.

महाडला मी पुष्कळ वर्षं काढली. पनवेलच्या बातम्या यायच्या. इस्रायल आळीतली घरं एकेक करून रिकामी होत होती, माणसं त्यांच्या नव्या देशाला निघाली होती. डॉक्टरांचे भाऊ, भाचे, सगळे गेले. डॉक्टर निवृत्त झाले, पण गेले नाहीत. मला नवल वाटायचं. इथे त्यांचं होतं कोण?

नोकरी संपवून मी पनवेलला परत आले आणि एका रविवारी मनाचा हिय्या करून त्यांच्या घरी गेले. का गेले, ते विचारू नका. राग जुना झाला की तोही बघून यावासा वाटतो. डॉक्टर आरामखुर्चीत होते. वाळून काडी झाले होते. मला ओळखलं. "या बाई," म्हणाले, जसं काही मी कालच रजा घेतली होती.

परसात कुणीतरी काम करत होतं. मी वाकून पाहिलं. उतरत्या फळीवर मटण मांडून एक बाई त्याला मीठ चोळत होती. केस पांढरे झाले होते, तरी मी ओळखलं. चांगुणा.

डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी काम मागायला आली. नाही कसं म्हणू? चांगली आहे. अर्जावर नुसता अंगठा उठवला होता, तिला यातलं काही माहीत नाही. तुम्ही बोलू नका."

मी उठून परसात गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. या बाईचा नवरा यांनी फासावर चढवला आणि तिच्याकडूनच आता मीठ चोळून घेतात? मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "चांगुणा, मला ओळखलंस? मी दवाखान्यातली नर्सबाई."

"वलखलं ना," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"तुला एक सांगायचंय. तुझ्या पदूच्या वेळी डॉक्टरांनी..."

"मना ठावं हाय, बाय." तिने तुकडा उलटा केला आणि दुसऱ्या बाजूने मीठ लावलं. "वकिलानं अंगठा घेतला तवा समदं समजावून सांगितलं व्हतं. तीन बरन्या. तुमी व्हता, म्हनून कललं. तुमचं उपकार हायेत."

"मग इथे कशी राबतेस तू? या माणसाच्या घरात?"

तिने हात धुतले, पदराला पुसले. "सायबाचा भाव त्याला न्याला आलता, परदेशी. तिकीट बी काढलं व्हतं. मी म्हटलं, सायेब, तुमी गेल्यावं मना कोन हाय? तो गेला नाय." मग माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "रोज सकालदुपार माजं तोंड बगाला लागतं त्याला. मी अजून लई वरसं जगंन, बाय. माजी आय नव्वदीला गेली."

त्या दुपारी मी तिथेच जेवले. डॉक्टरांनी आग्रह केला, आणि माझा पाय निघेना. चांगुणाने त्यांचं ताट वाढलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. डॉक्टर खाली मान घालून जेवत होते. एकदाही वर बघितलं नाही. सगळ्या तालुक्याला ज्याने आपल्याकडे बघायला लावलं, तो माणूस भाकरीचा तुकडा मोडताना ताटाबाहेर नजर जाऊ देत नव्हता.

"सायेब," चांगुणा म्हणाली, "मीठ बरोबर हाय का?"

"हो," डॉक्टर ताटाकडे बघत म्हणाले.

"माज्याकडं बगून सांगा."

डॉक्टरांनी घास खाली ठेवला. मान हळूहळू वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. ती हलली नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि तिने त्यांना आणखी वाढलं.